मेसेज क्यूतून मोठी फाइल पाठवताना मध्येच तुटलं तर काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठी फाइल, मध्ये क्यू (पाठवणारा आणि घेणारा यांच्यामधली मेसेजची रांग, ती चालवणारा सर्व्हर म्हणजे ब्रोकर) आणि बेभरवशाची लाइन असा सेटअप असलेल्या लोकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय. घाई असेल तर ६ आणि ७ आधी वाचा, बाकीचं बरंचसं त्या दोन उत्तरांवरच उभं आहे.

१. फाइल जात असताना कनेक्शन तुटलं तर क्यू स्वतःहून जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करत नाही का?

नाही करत. क्यूला फाइल म्हणजे काय ते माहीतच नसतं, तिला फक्त मेसेज कळतो, आणि मेसेज एकतर अख्खा पोचला नाहीतर पोचलाच नाही, मधलं काही नाही. रॅबिटएमक्यूत (असाच एक ब्रोकर) मेसेज ब्रोकरकडे जाताना आतल्या आत १२८ केबीच्या फ्रेममध्ये विभागून जातो, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की १०० पैकी ९० एमबी गेलेत तर आता उरलेले १० च पाठवायचे. पण कनेक्शन पडलं की ब्रोकर तो अर्धवट मेसेज टाकून देतो आणि तुमचे पहिले पाढे पंचावन्न. घेणाऱ्या बाजूलाही तेच, वर्करने (क्यूतून मेसेज घेऊन काम करणारा प्रोग्राम) अ‍ॅक (म्हणजे "मिळाला" अशी पोच) द्यायच्या आत तो मेला तर मेसेज परत अख्खा मिळतो, अर्ध्यातून नाही. म्हणजे पुढून सुरू करणं हे काम तुमच्या कोडचं आहे (एक अपवाद आहे, १७ बघा).

२. मग एका मेसेजमध्ये किती मोठी फाइल मावते?

वाटतं त्यापेक्षा खूपच कमी. काफ्काची डीफॉल्ट मर्यादा साधारण १ एमबी, नॅट्सचीही १ एमबी. अ‍ॅमेझॉन एसक्यूएसला बरीच वर्षं २५६ केबी होती, ऑगस्ट २०२५ मध्ये ती १ एमबी झाली. आयबीएम एमक्यूला डीफॉल्ट ४ एमबी आणि वाढवून जास्तीत जास्त १०० एमबी, अझ्युअर सर्व्हिस बसच्या स्टँडर्डला २५६ केबी आणि प्रीमियमला १०० एमबीपर्यंत. रॅबिटएमक्यूला ३.८ पासून १२८ एमबी होती, ४.० मध्ये ती १६ एमबीवर आणली, त्यामुळे अपग्रेडनंतर "कालपर्यंत चालत होतं, आज पब्लिश केलं की चॅनेल बंद होतो" असं दिसत असेल तर आधी हे तपासा.

मर्यादा वाढवता येते, पण वाढवू नका. मोठा मेसेज ब्रोकरची मेमरी खातो, रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर प्रती ठेवणं) अडवतो, मागचे छोटे मेसेज ताटकळत ठेवतो, आणि एवढं करून १ मधला प्रॉब्लेम तसाच राहतो, उलट तुटलं की जास्त डेटा वाया जातो.

३. फाइलचे तुकडे करून क्यूतून पाठवू, की फाइल दुसरीकडे ठेवून क्यूत फक्त तिचा पत्ता टाकू?

जमत असेल तर दुसरं, डोळे झाकून. फाइल अ‍ॅमेझॉनचं एस-थ्री, अझ्युअरचं ब्लॉब स्टोरेज किंवा स्वतःच्या मिनिओवर (तसंच स्टोरेज, पण आपल्या सर्व्हरवर) ठेवायची आणि मेसेजमध्ये फक्त ती कुठे आहे, केवढी आहे, चेकसम (मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा, हॅशही तसाच) काय आहे एवढंच टाकायचं, याला क्लेम चेक म्हणतात. एसक्यूएसची एक्स्टेंडेड क्लायंट लायब्ररी हेच करते आणि २ जीबीपर्यंतचा पेलोड परस्पर एस-थ्रीत ठेवते. पुढून सुरू करायची सोय स्टोरेजवाल्यांनी आधीच करून ठेवलेली असते, ती १२ आणि १३ मध्ये आहे.

तुकडे करणं योग्य कधी? जेव्हा दोन टोकांमध्ये क्यूशिवाय दुसरा रस्ताच नसतो. शाखेच्या फायरवॉलमधून फक्त एमक्यूचं पोर्ट उघडं आहे, किंवा शेतातल्या डिव्हाइसला फक्त एमक्यूटीटी (छोट्या डिव्हाइससाठीचा मेसेज प्रोटोकॉल) येतं आणि फर्मवेअर (डिव्हाइसच्या आतलं सॉफ्टवेअर) त्यातूनच न्यायचंय, किंवा ऑडिटवाल्यांची अट आहे की सगळं ब्रोकरमधूनच गेलं पाहिजे. अशा वेळी ४ ते १० तुमच्यासाठी आहेत. "स्टोरेज लावायचा कंटाळा आला" हे मात्र कारण होऊ शकत नाही, कारण तुकड्यांचं काम त्याच्या कितीतरी पट आहे.

४. तुकड्याच्या मेसेजमध्ये नेमकं काय काय लिहायचं?

ट्रान्सफरचा आयडी, तुकड्याचा नंबर, फाइलमधला ऑफसेट म्हणजे हा तुकडा कितव्या बाइटपासून सुरू होतो, तुकड्याची लांबी, आणि तुकड्याचा स्वतःचा चेकसम. हे सगळं हेडरमध्ये आणि बॉडीत निव्वळ बाइट्स. जेसनमध्ये घालायचं म्हणून बेस-६४ करू नका, त्याने आकार एक तृतीयांशाने फुगतो आणि १ एमबीच्या मर्यादेत जेमतेम ७५० केबीच मावतात.

तुकड्यांच्या आधी एक मॅनिफेस्ट मेसेज पाठवायचा. त्यात फाइलचं नाव, एकूण साइज, तुकड्याचा आकार, एकूण तुकडे, अख्ख्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश आणि शक्य असेल तर प्रत्येक तुकड्याच्या हॅशची यादी. ही यादी आगाऊ वाटते पण १५ मध्ये तीच तुम्हाला वाचवते. ट्रान्सफरचा आयडी फाइलच्या नावावरून बनवू नका, उद्या त्याच नावाची नवी फाइल आली की जुने-नवे तुकडे एकत्र मिसळतील. आयडी फाइलच्या मजकुराच्या हॅशवरून बनवला तर फायदा असा की पाठवणारा मरून परत उठला तरी त्याच फाइलसाठी तोच आयडी तयार होतो.

५. तुकडा केवढा ठेवायचा?

ब्रोकरची मर्यादा ही वरची रेघ, आणि तुटल्यावर किती डेटा परत पाठवणं परवडतं ते बघून खाली यायचं. १० जीबीच्या फाइलचे ८ एमबीचे तुकडे केले तर १२८० होतात, १ एमबीचे केले तर १०,२४०. लाइन सेकंदाला १ एमबी देत असेल तर ८ एमबीच्या तुकड्याला ८ सेकंद लागतात, म्हणजे तुटलं तर जास्तीत जास्त ८ सेकंदांचं काम वाया, हे चालण्यासारखं आहे. काफ्का, नॅट्स किंवा एसक्यूएसवर मात्र १ एमबीच्या आतच राहा, आणि नेमका १ एमबी घेऊ नका कारण हेडरही त्यातच मोजले जातात, ५१२ केबी घ्या आणि मोकळे व्हा. नॅट्सचा ऑब्जेक्ट स्टोअर स्वतः तर १२८ केबीचे तुकडे करतो.

एक पथ्य: ट्रान्सफर सुरू झाल्यावर तुकड्याचा आकार बदलायचा नाही. नेटवर्क खराब आहे म्हणून मध्येच आकार कमी केला तर नंबर आणि ऑफसेटचं गणित विस्कटतं. बदलायचाच असेल तर नवा आयडी घेऊन नवी ट्रान्सफर.

६. कुठपर्यंत पोचलं याचा हिशोब कोणी ठेवायचा, पाठवणाऱ्याने की घेणाऱ्याने?

घेणाऱ्याने, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. पाठवणाऱ्याला फक्त एवढंच माहीत असतं की आपण काय पाठवलं. ब्रोकरने त्याला पब्लिशर कन्फर्म दिला तरी त्याचा अर्थ "ब्रोकरने घेतलं" एवढाच, "समोरच्याच्या डिस्कवर गेलं" असा नाही. हे टपालासारखं आहे, पोस्टाच्या खिडकीवर मिळालेली पावती वेगळी आणि समोरच्याची सही होऊन आलेली पोचपावती वेगळी. जे लोक पाठवणाऱ्याच्या काउंटरवर विसंबून पुढे सुरू करतात त्यांच्या फाइलमध्ये भोकं राहतात, आणि ती आठवड्यांनी कळतात, तोवर मूळ फाइल पुसलेली असते.

म्हणून घेणाऱ्याने प्रत्येक ट्रान्सफरसाठी एक बिटमॅप (दर तुकड्यामागे ० किंवा १ असा एक बिट) ठेवायचा, तुकडा आला की त्याचा बिट १. वरच्या १२८० तुकड्यांसाठी हा बिटमॅप फक्त १६० बाइटचा होतो, म्हणजे या मराठी वाक्यापेक्षाही लहान, तेव्हा जागेची सबब नको. फाइलच्या शेजारीच छोट्या साइडकार फाइलमध्ये किंवा एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीतला छोटा डेटाबेस) ठेवा. आणि एक उलट्या दिशेची क्यू बनवा, पाठवणारा परत उठला की त्याने पहिल्यांदा विचारायचं "या आयडीचं तुझ्याकडे काय आलंय", घेणाऱ्याने उत्तरात बिटमॅप द्यायचा, आणि पाठवणाऱ्याने फक्त शून्य असलेले तुकडे पाठवायचे.

ही पद्धत नवी नाही. एचटीटीपीवरचा टस प्रोटोकॉल हेच करतो, क्लायंट आधी हेड रिक्वेस्ट पाठवून सर्व्हरकडून अपलोड ऑफसेट घेतो आणि मगच पुढचे बाइट्स पाठवतो, ऑफसेट जुळला नाही तर ४०९ हा एरर कोड मिळतो. एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) आयओटीत एमक्यूटीटीवरून फाइल घेणारं डिव्हाइस तर कुठले ब्लॉक हवेत त्याचा बिटमॅपच विनंतीत पाठवतं. एमक्यूटीटीवर फर्मवेअर नेणाऱ्यांनी ही रचना जरूर अभ्यासावी.

७. अ‍ॅक नेमका कधी द्यायचा?

तुकडा डिस्कवर पक्का बसल्यावर, त्याच्या आधी अजिबात नाही. ऑटो-अ‍ॅक चालू असेल तर आत्ताच्या आत्ता बंद करा, कारण त्यात ब्रोकर मेसेज सॉकेटवर लिहिला की लगेच विसरतो.

क्रम असा: तुकड्याचा चेकसम तपासा, फाइलमध्ये त्याच्या ऑफसेटवर लिहा, फाइलवर एफसिंक मारा (मेमरीतला डेटा खरोखर डिस्कवर उतरवायला लावणारा कॉल), मग बिटमॅपमध्ये बिट लावा, बिटमॅपवर एफसिंक, आणि मग अ‍ॅक. कारण कुठल्याही दोन पायऱ्यांच्या मध्ये लाइट जाऊ शकते. डेटा लिहिला आणि बिट लावायच्या आत लाइट गेली तर तुकडा परत येईल, त्याच जागी तोच परत लिहिला जाईल, नुकसान शून्य. उलट केलंत, म्हणजे बिट आधी आणि डेटा नंतर, तर बिटमॅप म्हणेल "आलाय" आणि फाइलमध्ये त्या जागी नुसती शून्यं असतील, आणि तो तुकडा परत कोणीच मागणार नाही. फाइलची साइज बघून हे कळतही नाही, कारण पुढच्या ऑफसेटवर काहीतरी लिहिलं की मधली भोकं धरून साइज पूर्ण दिसते.

दर तुकड्याला दोन एफसिंक जड वाटत असतील तर १६-१६ तुकड्यांचा गठ्ठा करा, सगळे लिहा, एकदा एफसिंक, १६ बिट एकदम, आणि मग रॅबिटएमक्यूत मल्टिपल अ‍ॅक किंवा काफ्कात ऑफसेट कमिट (हा फाइलमधला ऑफसेट नाही, कुठपर्यंत मेसेज वाचले त्याची नोंद). प्रीफेच (पोच मिळायच्या आधी ब्रोकर एका वेळी किती मेसेज देतो तो आकडा) मात्र गठ्ठ्यापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वर्कर सोळाव्याची वाट बघत बसेल आणि ब्रोकर अ‍ॅकची.

८. तोच तुकडा दोनदा आला तर फाइल बिघडेल का?

ऑफसेटवर लिहीत असाल तर नाही, फाइलच्या शेवटी जोडत असाल तर नक्की. त्यामुळे अपेंड मोड या कामात वापरायचाच नाही. जवळपास सगळ्या क्यू "किमान एकदा" पोचवतात, म्हणजे दोनदा येणं ही चूक नाही, तो ठरलेला व्यवहार आहे. बिट आधीच १ असेल तर तुकडा न लिहिता सरळ अ‍ॅक देऊन टाका.

"काफ्कात एक्झॅक्टली वन्स (नेमकं एकदाच पोचवणं) आहे ना" असं हमखास विचारतात. आहे, २०१७ पासून आहे, पण ते काफ्कातून काफ्कात. तुमच्या डिस्कवरची फाइल त्या ट्रान्झॅक्शनमध्ये सामील नसते. एसक्यूएस फिफोचं डीड्युप्लिकेशनही (दुबार मेसेज गाळणं) फक्त ५ मिनिटांच्या खिडकीपुरतं, आणि रात्री तुटलेली ट्रान्सफर सकाळी सुरू होते.

९. तुकडे उलटसुलट आले, किंवा एकाच फाइलचे तुकडे वेगवेगळ्या वर्करकडे गेले तर?

उलटसुलट आल्याने काही बिघडत नाही, ऑफसेट आणि बिटमॅप त्यासाठीच आहेत. खरा त्रास दुसऱ्या भागाचा आहे. चार मशीनवर चार वर्कर एकाच क्यूवर बसले की प्रत्येकाच्या लोकल डिस्कवर फाइलचा पाव हिस्सा पडतो आणि फाइल कोणाकडेच पूर्ण होत नाही. काफ्कात ट्रान्सफर आयडी हीच मेसेजची की (key) ठेवा, म्हणजे सगळे तुकडे एकाच पार्टिशनमध्ये (क्यूचा एक भाग, ग्रुपमधला एकच वर्कर तो वाचतो) जातील. रॅबिटएमक्यूत कन्सिस्टंट हॅश एक्स्चेंज लावून आयडीप्रमाणे क्यू वाटा आणि प्रत्येक क्यूवर सिंगल अ‍ॅक्टिव्ह कन्झ्युमर (एका वेळी एकच वर्कर वाचतो) ठेवा.

तरीसुद्धा वर्कर मेला की पार्टिशन दुसऱ्या मशीनवर जातं आणि अर्धी फाइल पहिल्या मशीनच्या डिस्कवरच राहते. म्हणून अर्धवट फाइल आणि बिटमॅप सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवा, किंवा नव्या वर्करने सरळ कोरा बिटमॅप पाठवून पहिल्यापासून मागावं. छोट्या फाइलना दुसरं चालतं, ५० जीबीला नाही.

१०. शेवटचा तुकडा आला म्हणजे फाइल पूर्ण झाली ना?

नाही. पूर्ण झाली हे बिटमॅप सांगतो, शेवटचा नंबर नाही. सगळे बिट १ झाले, अख्ख्या फाइलचा हॅश मॅनिफेस्टशी जुळला, की मगच तिला खरं नाव द्यायचं. तोवर नावापुढे डॉट-पार्ट असावं, म्हणजे फोल्डरवर नजर ठेवून बसलेला दुसरा प्रोग्राम अर्धी फाइल उचलणार नाही. नाव बदलणं त्याच फाइलसिस्टिममध्ये करा, दुसऱ्या डिस्कवर मूव्ह केलं तर ती कॉपी होते आणि तीही मध्ये तुटू शकते. नाव बदलल्यावर फोल्डरवरही एफसिंक मारा.

११. वर्कर व्यवस्थित काम करतोय, तरी मेसेज दुसऱ्या वर्करकडे कसा जातो?

कारण ब्रोकरला वाटतं तो मेला. हे क्लेम चेकवाल्यांना जास्त छळतं, कारण मेसेज छोटा पण डाउनलोड तासाभराचा. एसक्यूएसचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (घेतलेला मेसेज इतरांपासून लपवून ठेवायचा वेळ) डीफॉल्ट ३० सेकंद आहे, तेवढ्यात डिलीट केलं नाही की मेसेज परत दिसायला लागतो. रॅबिटएमक्यू अ‍ॅकसाठी डीफॉल्ट ३० मिनिटं थांबते आणि मग चॅनेलच बंद करते. काफ्कात दोन पोलमध्ये (पोल म्हणजे नवे मेसेज मागणं) ५ मिनिटांपेक्षा जास्त गेली की कन्झ्युमर, म्हणजे वर्कर, ग्रुपबाहेर. सर्व्हिस बसचं लॉक एका वेळी जास्तीत जास्त ५ मिनिटांचं.

टाइमआउट नुसता वाढवून ठेवला तर वर्कर खरंच मेल्यावर तेवढाच वेळ वाया जातो. त्यापेक्षा थोडा ठेवा आणि डाउनलोड चालू असताना बाजूच्या थ्रेडमधून वाढवत राहा, एसक्यूएसवर मेसेज मिळाल्यापासून एकूण १२ तासांपर्यंत हे करता येतं. काफ्कात ते पार्टिशन पॉझ करून पोल करत राहायचं. त्याहून चांगलं म्हणजे मेसेजमधली माहिती स्वतःच्या टेबलमध्ये टाकून लगेच अ‍ॅक द्या आणि डाउनलोड त्या टेबलवरून चालवा, मी तरी मोठ्या फाइलना हेच करायला सांगते. हा ७ ला विरोध नाही, तिथेही जे पक्कं लिहिलं त्याचाच अ‍ॅक होता, इथे ते टेबलमधली नोंद आहे.

१२. एस-थ्रीवर मल्टिपार्ट अपलोड (फाइल पार्ट पाडून चढवणं) अर्ध्यात राहिला, परत पहिल्यापासून करू का?

नको, फक्त अपलोड आयडी जपून ठेवलेला हवा. तो मेमरीत ठेवला आणि प्रोसेस गेली की गोंधळ होतो, म्हणून सुरू करताच डिस्कवर लिहा. परत उठल्यावर लिस्ट पार्ट्स मारा, पोचलेल्या पार्टची यादी साइजसकट मिळते, उरलेले पाठवा आणि कम्प्लीट करा. इथेही घेणाराच सांगतोय काय आलंय, ६ सारखंच.

पार्ट किमान ५ एमबी (शेवटचा सोडून) आणि जास्तीत जास्त १०,००० पार्ट. ५ एमबीच धरून बसलात तर ४८-४९ जीबीला मर्यादा संपते आणि हे कळतं १०,००१ व्या पार्टला, तेव्हा आकार आधीच गणित करून ठरवा. अर्धवट सोडलेल्या पार्टचे पैसे चालू राहतात आणि नेहमीच्या यादीत ते दिसत नाहीत, म्हणून बकेटवर (एस-थ्रीत फाइल ठेवायची जागा) अर्धवट अपलोड काही दिवसांनी रद्द करणारा लाइफसायकल नियम लावाच. अझ्युअरवर कमिट न केलेले ब्लॉक आठवड्याने आपोआप जातात, म्हणजे तिथे उलटी काळजी, आठवड्याच्या आत पुढे सुरू करा.

१३. आणि डाउनलोड तुटलं तर?

रेंज हेडर लावून उरलेले बाइट्स मागा, पण सोबत इफ-मॅच किंवा इफ-रेंजमध्ये ईटॅग (फाइलच्या त्या आवृत्तीची खूण) द्या, नाहीतर मधल्या वेळेत फाइल बदलली असेल तर अर्धी जुनी अर्धी नवी अशी मिळेल. उत्तराचा कोड बघा: २०६ आला तर पुढे लिहा, २०० आला तर सर्व्हर अख्खी फाइल पहिल्यापासून देतोय, तेव्हा शून्यापासून लिहा. कोड न बघता जोडत जाणाऱ्या स्क्रिप्ट खूप आहेत आणि त्यांनी बनवलेली फाइल मूळ फाइलपेक्षा मोठी निघते.

मेसेजमध्ये प्रीसाइन्ड लिंक (परवानगी आतच असलेली तात्पुरती लिंक) टाकू नका. ती जास्तीत जास्त ७ दिवस चालते, आणि तात्पुरत्या क्रेडेन्शियलवर बनवली असेल तर त्याहून लवकर मरते. बकेट, की (key, म्हणजे फाइलचं नाव) आणि व्हर्जन आयडी टाका, लिंक घेणाऱ्याला हवी तेव्हा बनवू द्या.

१४. पाठवणं चालू असताना मूळ फाइलच बदलली तर?

तर ती ट्रान्सफर संपली, पुढे सुरू करू नका. परत उठल्यावर साइज आणि मॉडिफाइड वेळ मॅनिफेस्टशी ताडून बघा, फरक असेल तर जुना आयडी रद्द झाल्याचा मेसेज पाठवा आणि नवा घ्या. वेळेवर भरवसा नसेल तर हॅश परत काढा, १० जीबीचा हॅश लोकल डिस्कवरून काढणं हे १० जीबी परत पाठवण्यापेक्षा कधीही स्वस्त. चालू लॉग किंवा डेटाबेसची जिवंत फाइल तर थेट पाठवूच नका, स्नॅपशॉट घ्या आणि तो पाठवा.

१५. सगळे तुकडे आले पण शेवटी अख्ख्या फाइलचा चेकसम जुळत नाही. सगळं परत मागवायचं?

मॅनिफेस्टमध्ये प्रत्येक तुकड्याचा हॅश असेल तर नाही. डिस्कवरची फाइल तुकड्या-तुकड्याने वाचून हॅश काढा, जे जुळत नाहीत त्यांचे बिट शून्य करा, आणि ६ प्रमाणे परत मागा. बहुतेक वेळा एक-दोनच निघतात, आणि ते निघाले की ७ मधला क्रम कुठेतरी चुकलाय असं समजून कोड तपासा. सगळेच तुकडे चुकत असतील तर कुठेतरी फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली जातेय. सगळे तुकडे बरोबर पण अख्खा हॅश चूक असेल तर १४.

आणि एस-थ्रीचा ईटॅग हा मल्टिपार्ट फाइलचा एमडी-५ (हॅशचा एक प्रकार) नसतो, तो पार्टच्या एमडी-५ वरून काढलेला एमडी-५ आणि पुढे डॅश देऊन पार्टची संख्या असा असतो. त्याच्याशी स्वतःचा एमडी-५ ताडून "फाइल करप्ट आहे" म्हणू नका.

१६. फाइल कॉम्प्रेस किंवा एन्क्रिप्ट करून पाठवतो, त्याने काही फरक पडतो?

पडतो. अख्ख्या फाइलचा जिझिप पाठवताना उडता-उडता बनवत असाल तर दुसऱ्या वेळी बाइट्स तेच येतील याची खात्री नाही, लायब्ररीचं व्हर्जन किंवा लेव्हल बदलली तरी बदलतात, आणि मग जुने-नवे तुकडे जुळत नाहीत. एकतर कॉम्प्रेस केलेली फाइल आधी डिस्कवर बनवा आणि तीच पाठवा, नाहीतर प्रत्येक तुकडा स्वतंत्र कॉम्प्रेस करा.

एन्क्रिप्शनला जास्त जपा. तुकडा स्वतंत्र एन्क्रिप्ट करा, आणि ट्रान्सफर आयडी व तुकड्याचा नंबर ऑथेंटिकेटेड डेटात (लपवला न जाणारा पण उघडताना तपासला जाणारा भाग) घाला, म्हणजे कोणी तुकड्यांची अदलाबदल केली तर उघडताना कळेल. एईएस-जीसीएम या एन्क्रिप्शनमध्ये तुकड्याचा नंबर हाच नॉन्स (एका कीसोबत एकदाच वापरायचा आकडा) ठेवायची पद्धत आहे, पण ती तेव्हाच चालते जेव्हा प्रत्येक ट्रान्सफरची की वेगळी असते. तीच की, तोच नॉन्स आणि मजकूर बदललेला, असं एकदाही झालं तर एन्क्रिप्शनची सुरक्षा गेली. म्हणून फाइल बदलल्यावर जुन्याच आयडीवर आणि कीवर पुढे सुरू करणं इथे नुसता घोळ नाही, ते सुरक्षेतलं भगदाड आहे.

१७. आयबीएम एमक्यूवाले म्हणतात त्यांना हे काही करावं लागत नाही. खरंय का?

मॅनेज्ड फाइल ट्रान्सफर (एमक्यूचाच फाइल पाठवणारा भाग) वापरत असतील तर खरंय. त्यात दोन्ही टोकांना एजंट असतात, फाइल डीफॉल्ट २५६ केबीच्या चंकमध्ये जाते, १० चंकची विंडो आणि ५ विंडोची फ्रेम, आणि दर फ्रेमला चेकपॉइंट (इथपर्यंत पोचलं अशी नोंद), म्हणजे साधारण साडेबारा एमबीला एक. ट्रान्सफरची अवस्था एजंटच्या स्टेट क्यूत राहते, एजंट किंवा क्यू मॅनेजर (आयबीएमचा ब्रोकर) पडून उठला की शेवटच्या चेकपॉइंटपासून आपोआप पुढे चालू. फाइल पूर्ण होईपर्यंत डॉट-पार्ट नावानेच असते. त्या स्टेट क्यूतले मेसेज "साफसफाई" म्हणून कोणी उडवू नयेत, पुढून सुरू करायची सगळी माहिती तिथेच असते. साध्या एमक्यूवर स्वतः तुकडे पाठवत असाल तर मात्र बाकी सगळ्यांसारखंच.

१८. घेणारी बाजू दोन आठवडे बंद होती. आता पुढे सुरू होईल का?

क्यूच्या भरवशावर नाही. एसक्यूएस डीफॉल्ट ४ दिवस आणि जास्तीत जास्त १४ दिवस मेसेज ठेवते, काफ्का डीफॉल्ट ७ दिवस. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. काफ्कात आणखी एक गुपचूप होणारी गोष्ट: रिकाम्या (एकही वर्कर चालू नसलेल्या) ग्रुपचे कमिट केलेले ऑफसेटही ७ दिवसांनी पुसले जातात, आणि ऑफसेट सापडला नाही तर डीफॉल्ट "लेटेस्ट" आहे, म्हणजे कन्झ्युमर कसलीही एरर न देता थेट टोकाला जाऊन बसतो. या कामासाठी ती सेटिंग "नन" ठेवा म्हणजे निदान एरर येईल. आणि बिटमॅप तुमच्या डिस्कवर आहेच, तो उलट्या क्यूने पाठवा, पाठवणारा मूळ फाइलमधून परत देईल. म्हणूनच घेणाऱ्याकडून "पूर्ण, हॅश जुळला" असा मेसेज येईपर्यंत मूळ फाइल पुसायची नाही.

१९. एकच तुकडा सारखा फेल होतोय आणि क्यू फिरत राहते, काय करू?

कारण बघा. चेकसमच चुकत असेल तर त्याला डेड लेटर क्यूत (न जमलेल्या मेसेजची वेगळी क्यू) टाका आणि तेवढा एक तुकडा नव्याने मागा, तोच मेसेज हजारदा वाचून बरोबर होणार नाही. रॅबिटएमक्यू ४.० पासून कोरम क्यूत (अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणारी क्यू) २० वेळा परत आल्यावर मेसेज बाजूला काढला जातो, पण डेड लेटर लावलेलं नसेल तर तो सरळ टाकला जातो, त्यामुळे ते आधी लावा.

डिस्क भरली असेल तर मात्र नॅक ("जमलं नाही, परत घे" असं ब्रोकरला सांगणं) देत बसू नका, त्याने चांगले तुकडेसुद्धा वीसची मर्यादा ओलांडून डेड लेटरमध्ये जातात. कन्झ्युमर थांबवा, जागा करा, मग सुरू करा. मॅनिफेस्ट आल्या-आल्या पूर्ण फाइलची जागा राखून ठेवली तर ही वेळच येत नाही.

२०. हे सगळं बरोबर चालतंय हे टेस्ट कसं करायचं?

मुद्दाम तोडून. किल डॅश ९ ने (प्रोसेस जबरदस्तीने बंद करणारी कमांड) वर्कर मारा, पाठवणाऱ्यालाही मारा, नेटवर्क केबल काढा, लिनक्सवर टीसी नेटेमने पॅकेट गाळा आणि उशीर घाला, ब्रोकर रीस्टार्ट करा, आणि प्रत्येक वेळी शेवटी अख्खा हॅश ताडा. पण लक्षात घ्या, किल डॅश ९ ने एफसिंकच्या चुका सापडत नाहीत, कारण प्रोसेस मेली तरी कर्नलच्या कॅशमधला डेटा नंतर डिस्कवर जातोच. त्यासाठी व्हर्च्युअल मशीन घ्या, ट्रान्सफर चालू असताना ते शटडाउन न करता एकदम पॉवर ऑफ करा, चालू करा, आणि बिटमॅप जे तुकडे "आलेत" म्हणतो त्यातला प्रत्येक डिस्कवरून वाचून त्याचा हॅश मॅनिफेस्टशी ताडा. एकही चुकला तर ७ मधला क्रम तुमच्या कोडमध्ये पाळला जात नाहीये.